बरगे कधी घालायचे, हे आपल्यालाही विचारा

मैत्रिणींनो, आज मी बंधाऱ्याबद्दल लिहिणार आहे. "अहो, ही बायकांची पुरवणी. इथं बंधारा कशाला?" असं आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्याच. मी त्यांना उलट विचारलं, "वहिनी, परवा माहेरी गेला होता तेव्हा तिथल्या नळाचं हिरवट पाणी तुम्ही तुरटी फिरवून, दोनदा गाळून, वर उकळून प्यालात की नाही? एप्रिलमध्ये गवारीचा भाव ऐकून तशाच पुढे गेलात की नाही? धाकट्या भावाच्या रानात ऊस वाळला म्हणून तुमच्या वहिनीनं दागिना ठेवला, हे तुम्हीच सांगितलंत ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "लिहा मग."

तर बंधारा हा आपला विषय आहे, एवढं धरून चालू.

आमचं जयसिंगपूर तसं अगदी काठावरचं गाव नव्हे. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावानं वसवलेली ही बाजारपेठ. सरळ आखलेल्या गल्ल्या आणि त्यांना चक्क नंबर. पण इथल्या बाजारात जे येतं ते नदीच्या पाण्यावर पिकलेलं असतं. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या शिरोळ तालुक्याला लागून आहेत. बाहेरच्या माणसाला वाटतं, यांना पाण्याची काय ददात! ददात पाण्याची नाहीच. पाणी अडवायचं कुठं, सोडायचं कधी, आणि कुणाच्या रानात किती जायचं, सगळं अडतं ते इथं. बचत गटांच्या कामासाठी गेली पंधरा-सोळा वर्षं मी या काठच्या गावांतून फिरते, आणि दर उन्हाळ्यात त्याच तक्रारी ऐकते.

ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापुरी बंधारा म्हणजे नदीच्या पात्रात ओळीनं उभे केलेले दगडी खांब. खांबांना खाचा असतात. पावसाळा संपून नदीचा जोर ओसरला की त्या खाचांत एकावर एक फळ्या बसवतात. त्यांना आमच्याकडे बरगे म्हणतात. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासून भरत, म्हणजे पाणी झिरपत नसे. आता लाकडाच्या जागी बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे आले आहेत. पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून घ्यायचे. मग पूर खांबांमधून आणि वरून निघून जातो, गाळही त्याच्याबरोबर जातो. किती साधी युक्ती! उन्हाळ्यात तळं आणि पावसाळ्यात नदी.

याची मुळं संस्थानच्या काळातली. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राधानगरीला भोगावतीवर धरणाचं काम हाती घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. या धरणाचं पाणी रानापर्यंत न्यायला लांबलचक कालवे खोदावे लागले नाहीत. धरणातून पाणी नदीत सोडायचं आणि बंधाऱ्याबंधाऱ्यावर तटवायचं. नदी हाच कालवा. पुढे ही रीत महाराष्ट्रभर गेली, आणि सरकारी कागदावर आजही 'को. प. बंधारा' असं आपल्या जिल्ह्याचं नाव लागतं. पंचगंगेवर राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकाखाली एक बंधारे आहेत. कृष्णेवर राजापूरचा बंधारा आहे, त्याच्यापुढे पाणी कर्नाटकात जातं.

इतकं चांगलं असताना बिघडतं कुठं?

पहिलं म्हणजे बरगे वेळेवर बसत नाहीत. लवकर बसवले आणि परतीचा पाऊस जोरात झाला तर पंचाईत, उशीर केला तर पाणी निघून गेलेलं. म्हणजे तारीख ठरवायला नदी ओळखणारा माणूस लागतो. दुसरं, बरगे गळतात. वाकलेले, गंजलेले, मधूनच चोरीला गेलेले. लोखंड भंगारात विकलं जातं हे सगळ्यांना माहीत असतं. मग फटींत पोती आणि प्लॅस्टिक कोंबायचं. तिसरं, पात्रात गाळ साठतो आणि पाणी साचून राहिलं की केंदाळ वाढतं. वरच्या गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी त्याच डोहात उतरतं. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचल्या! २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा घराघरात बायका पाणी उकळत बसल्या होत्या. दूषित पाणी घरात आलं की काय होतं, हे त्या उन्हाळ्यानं दाखवलं.

आणि चौथं, वाटपाचं. बंधाऱ्याच्या फुगवट्यात ज्यांच्या मोटारी आधी, त्यांना पाणी आधी. कमी पडलं की उपसाबंदी लागते. बंदी सगळ्यांना सारखी लागते, पण तोवर जोरकस मोटारवाल्याचं रान भिजून झालेलं असतं आणि पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी वाट बघत बसलेला असतो. त्या शेवटच्या टोकाला बहुतेक वेळा कोण असतं? वाटणीत कमी जमीन आलेला धाकटा भाऊ, किंवा विधवा बाई.

आता यातलं बायकांच्या वाट्याला काय येतं ते बघा. रात्रीच्या लाइटची पाळी असली की कारभारी दारं धरायला जातो. तो येईपर्यंत ती जागी, कारण रान अंधारं आणि सापाकिरड्याचं भय. कारभारी नसेल तर कंदील, नाहीतर मोबाइलची बॅटरी घेऊन ती स्वतः जाते. पाणी आलं नाही तर वैरण नाही, वैरण नाही तर दूध नाही, आणि दुधाचे पैसे तर तिच्याच हातात येणारे. पाणी जास्त झालं तरी तिचंच मरण. सततच्या भिजवणीनं रानाला मीठ फुटतं, उगवण होत नाही, आणि भांगलणीची मजुरी बुडते. बंधाऱ्यावरून पलीकडच्या गावाला जायची वाट असते. कठडा मोडलेला असला तर त्यावरून शाळेची पोरं आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बायकाच जातात. इतकं सगळं तिच्या अंगावर येतं, आणि बरगे कधी घालायचे, पाळी कशी लावायची, पाणीपट्टी किती, हे ठरवायला ती कुठेच नसते.

सध्या सुधारणेची चर्चा आहे ती बरग्यांच्या जागी उचलते दरवाजे बसवायची. आपल्याकडे त्याला बराज म्हणतात. दरवाजे चांगलेच. अवकाळी पाऊस आला तर पटकन उघडता येतात, चोरीला जात नाहीत, गळती कमी. माझा त्याला विरोध नाही. दुसऱ्या देशांतही लोक या कामाला लागले आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागात नदीतून पाटाला पाणी काढायच्या जुन्या जागा आता नव्यानं बांधतात. पाटाच्या तोंडाशी जाळी लावतात, म्हणजे मासे रानात जाऊन मरत नाहीत. बांधावर माशांना चढायला पायऱ्या करतात. आपल्या बंधाऱ्यांवर माशांचा विचार कुणी केलाय? नदीवर पोट असणारी भोई कुटुंबं आपल्याही काठावर आहेतच की.

पण दरवाजा झाला तरी तो उघडायचा कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्न राहतोच. लोखंडी दरवाजालासुद्धा दरवर्षी ग्रीस लागतं, रबर बदलावं लागतं. बांधणाऱ्याचा नारळ एकदाच फुटतो. त्यानंतरचं सगळं रोजचं काम, घरातल्यासारखं. ते ज्यांना करायचंय त्यांना निर्णयात घेतल्याशिवाय कोणतीही सुधारणा फार दिवस टिकत नाही, असं माझं मत आहे.

हे मत हवेतलं नाही. आपल्याच महाराष्ट्रात धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. तिथे नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढलेला असतो, आणि पाटाचं पाणी आपोआप उताराने रानात जातं. मोटार नाही, वीज नाही. रानाचे मोठे भाग, म्हणजे फड, पाडलेले असतात आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी शेतकऱ्यानं स्वतः घ्यायचं नाही. गावानं नेमलेला माणूस ते सगळ्यांना देतो. त्यामुळे "माझ्या रानाला कमी, त्याच्या रानाला जास्त" ही भांडणं मिटतात. पाट साफ करायला दरसाल सगळ्यांनी यायचं. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, मोटारी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडकळीला आले. पण इतकी वर्षं बंधारा टिकला तो दगडाइतकाच या नेमधर्मावर. लांबच्या न्यू मेक्सिकोतही स्पॅनिश लोकांच्या काळापासूनचे असे गावपाट आहेत. वसंत ऋतूत पाणी सोडण्याआधी सगळे हिस्सेदार फावडी घेऊन पाट साफ करतात. माणसं कुठलीही असोत, पाटाला दरवर्षी हात लावावाच लागतो.

फडात वाटप जमिनीच्या हिशेबानं होतं. जमीनच नसेल त्यांचं काय? याला दोन ठिकाणी उत्तर शोधलं गेलं. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी एकराप्रमाणे न देता घरातल्या माणसांप्रमाणे द्यायचं ठरलं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. भूमिहीनाचाही पाण्यात हिस्सा. दुसरं उदाहरण तर आपल्या शेजारचं. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण आहे. १९८०च्या दशकात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं आणि बांध घातला. पाणी सगळ्यांना सारखं, भूमिहीनांनासुद्धा. "पाण्यावर हक्क माणसाचा, नुसता सातबाऱ्याचा नव्हे" हे त्यांनी करून दाखवलं.

मला ही गोष्ट बायकांच्या दृष्टीनं फार मोलाची वाटते. कारण आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? पाण्याच्या संस्थेचं सभासदत्व जमिनीवरून मिळतं. जमीन सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, म्हणून संस्थेत तेच. बाई रानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबेल, पण सभेची नोटीस तिच्या नावानं येणार नाही. आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगते, गावाचं नाव नको. नवरा गेला, वारस म्हणून नाव लागलं, जमीन त्या स्वतः करतात. पण पाण्याची पावती अजून नवऱ्याच्याच नावानं फाटते. सभेला विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, "दिराला पाठवा." पैसे भरताना मात्र दीर लागत नाही!

१९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावानं जमीन करून दिली. सरकारनंही १९९२ साली, नवऱ्याची संमती असेल तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता यावं, असं परिपत्रक काढलं. ही सोय असून आपल्याकडे किती जणींनी घेतली? तलाठ्याकडे जाऊन विचारायला काय हरकत आहे? घरात विषय काढायला थोडं धाडस लागेल, पण दिवाळीच्या साडीपेक्षा ही ओवाळणी जास्त दिवस टिकते.

"बायकांना बंधाऱ्यातलं काय कळतं?" हा प्रश्न मी सभेत ऐकलाय, आणि तो विचारणारे वाईट लोक नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. त्यांना मी सांगते, कपडे धुणाऱ्या बाईला विचारा, पाणी कोणत्या आठवड्यात वास मारायला लागतं. म्हशी धुवायला नेणाऱ्या बाईला विचारा, डोह किती उथळ झाला. दोन हंड्यांत दहा माणसांचं घर भागवणाऱ्या बाईला विचारा, वाटप कसं करतात. हे ज्ञान वहीत लिहिलेलं नाही म्हणून ते नाहीच असं कसं म्हणता?

कायदा यात आपल्या बाजूचा आहे. २००५ साली महाराष्ट्रानं सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. त्यात पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळावर पाटाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटच्या टोकाचे शेतकरी यावेत, आणि बायकाही असाव्यात, अशी रचना आहे. आपल्याकडच्या बहुतेक उपसा संस्था सहकारी. सहकारी संस्थांमध्येही बायकांसाठी राखीव जागा आहेत. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते, हे कितीतरी जणींना माहीतच नसतं. घेतली तरी रजिस्टरवर सह्या घेऊन चहा पाजून पाठवतात. त्या सभेत हळदीकुंकवाच्या खर्चाऐवजी बंधाऱ्याचा विषय मांडला तर? सभेतला ठराव लिहून घ्यावाच लागतो.

मिळून काम केलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. रानाला मीठ फुटलेले शेतकरी एकत्र आले, आणि शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून जादाचं पाणी बाहेर काढायचं काम सुरू झालं. एकट्याच्या रानात हे जमत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून न्यावं लागतं, म्हणून सगळ्यांचं एकमत लागतं. ज्या रानात गवतसुद्धा नीट उगवत नव्हतं तिथं पुन्हा पीक उभं राहिलं. जमिनीखालच्या पाण्यासाठी शेजारी एकत्र येतात, तर नदीतल्या पाण्यासाठी का येणार नाहीत?

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा बरगे बसायच्या आधी एवढंच करा. आपल्या गावाला कोणत्या बंधाऱ्याचं पाणी आहे ते माहीत करून घ्या. दहा-बाराजणी मिळून एकदा जाऊन बघा. बरगे किती, मोडके किती, कठडा आहे का, केंदाळ कुठवर आलंय. एका वहीत लिहा. मग महिला ग्रामसभेत विचारा. बरगे कोणत्या तारखेला घालणार आणि कोणत्या तारखेला काढणार? दुरुस्तीला पैसे आले का, कुठे लागले? पाळीचं वेळापत्रक फलकावर का नाही? शेवटच्या टोकाला पाणी पोचतं का, हे बघायला कोण जातं? आणि आमच्यापैकी कोणाला संस्थेच्या मंडळावर घेणार? पाचच प्रश्न आहेत. उत्तर पहिल्या सभेत नाही मिळालं तर दुसऱ्या सभेत तेच पुन्हा विचारा.

कुणी हसेल, कुणी "आता नदीपण यांनाच पाहिजे" म्हणेल. म्हणू दे. पाण्याच्या सभेला जाताना हातात वही असली म्हणजे झालं. आणि हो, सभा संध्याकाळी सहाची ठेवली असेल तर ती दुपारी तीनला ठेवायला सांगा. संध्याकाळी सहाला आपल्या घरात धारा काढायच्या असतात, हे बैठकीतल्या मंडळींच्या लक्षात राहत नाही.